काय म्हणालीस? काही नाही.

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात दोघा-तिघांनी विचारलं, "बोटीच्या ट्रिपबद्दल लिहिणार होतीस, त्याचं काय झालं?" खरं सांगायचं तर दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा त्याचं नुसतं प्रवासवर्णन झालं. कालवा, पूल, सूर्यास्त, फोटो. जे खरं घडलं ते त्यात कुठेच नव्हतं. शेवटी नवऱ्यालाच विचारलं, "ते सगळं लिहू का?" तो म्हणाला, "लिही, फक्त माझं वजन लिहू नकोस." :) तर परवानगी मिळालेली आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. नवऱ्याला गेली काही वर्षं कमी ऐकू येतंय. हे मला माहीत होतं, लेकीला माहीत होतं, शेजाऱ्यांनाही माहीत होतं. फक्त त्याला माहीत नव्हतं. त्याच्या मते मी पुटपुटते, लेक भराभर बोलते, टीव्हीवाले तोंडात गुळणी धरून बोलतात आणि मंडळाच्या हॉलमध्ये आवाज फार घुमतो. मी 'खिसणी' म्हटलं की त्याला 'इस्त्री' ऐकू यायचं, आणि तो गुणी माणूस खरंच इस्त्री घेऊन यायचा. सुरुवातीला आम्ही खूप हसलो. मग हळूहळू हसणं कमी झालं. त्यानं मंडळात जाणं कमी केलं. सांगलीला दादांना दर रविवारी फोन करायचा, तो "तूच बोल, मला नंतर सांग" असं म्हणत माझ्याकडे आला. घरात मी दुभाषी झाले. आणि दुभाष्याच्या नोकरीत पगार नसतो, नुसती चिडचिड असते!

कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला की "बघू" हे उत्तर. 'बघू' म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको.

लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला लेकीनं आम्हाला आठवडाभरासाठी बोट भाड्यानं घेऊन दिली. न्यूयॉर्क राज्यातला ईरी कालवा. क्रूझ म्हटल्यावर लोकांना दहा मजली जहाज, बुफे आणि कॅसिनो आठवतो. आमची क्रूझ म्हणजे एक्केचाळीस फूट लांबीची लोखंडी बोट. आत एक पलंग, दोन शेगड्या, आगपेटीएवढी मोरी. कप्तान आम्हीच, खलाशी आम्हीच, आचारी मीच. मागच्या टोकाला उभं राहून एका लांब दांड्यानं बोट वळवायची. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते. (पस्तीस वर्षांच्या संसाराची सवय असल्यामुळे हे आम्हाला लगेच जमलं.) वेग साधारण पळणाऱ्या माणसाइतका. काठावरून सायकलवाले हात करत पुढे निघून जातात.

हा कालवा आपल्या पाटबंधाऱ्याच्या कालव्यासारखा शेतीसाठी काढलेला नाही. १८१७ ते १८२५ या आठ वर्षांत हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंत ३६३ मैल खणलेला हा पाण्याचा रस्ता. तेव्हा रुंदी चाळीस फूट आणि खोली जेमतेम चार फूट. काठावरून खेचरं दोराने बोटी ओढायची. खेचरांच्या त्या वाटेवर आता लोक सायकली चालवतात. चढ आला की बोट लॉकमध्ये शिरते. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. दारं बंद होतात, पाणी आत सोडतात आणि बोट पाण्याबरोबर वर येते. आम्ही मॅसिडनहून पश्चिमेला निघालो, तेव्हा वाटेत अशी लॉक लागली आणि त्यातल्या दोघांनी आम्हाला प्रत्येकी सुमारे पंचवीस फूट वर उचललं. मी ओल्या भिंतीवरचा दोर धरून उभी होते आणि मनात रामरक्षा चालू होती.

त्यानंतर मात्र साठेक मैल एकही लॉक नाही. तिथे असतात उचलते पूल. १९१० च्या दशकात कालवा मोठा केला तेव्हाचे हे पूल गावांच्या मधोमध आहेत आणि पाण्यापासून फारच कमी उंचीवर. बोट आली की रेडिओवर तेरा नंबरच्या चॅनेलवर पूलवाल्याला सांगायचं, नाहीतर भोंगा तीनदा वाजवायचा. तो घंटा वाजवून रस्त्यावरची वाहतूक थांबवतो आणि पूल जसाच्या तसा, आडवाच्या आडवा, वर उचलला जातो. एका बोटीसाठी सगळं गाव थांबतं. मला पहिल्या वेळी फार संकोच वाटला. आपल्यासाठी कोणी थांबावं अशी सवय राहिलेली नाही.

रेडिओ नवऱ्याच्या हातात होता. तो का होता आणि मी तो का मागून घेतला नाही, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका पुलाजवळ आलो. मी पुढच्या टोकाला दोर घेऊन उभी, तो मागे इंजिनाजवळ. मधे एक्केचाळीस फूट. त्यानं रेडिओवर पूल उचलायला सांगितलं, पलीकडून काहीतरी उत्तर आलं, हा म्हणाला "थँक यू" आणि बोट पुढे चालतच राहिली. पलीकडून काय उत्तर आलं होतं ते आम्हाला नंतर कळलं. पुलावरून रुग्णवाहिका जायची आहे, पूल आत्ता उचलता येणार नाही, तिथेच थांबा.

मला रुग्णवाहिकेचे लाल दिवे दिसले. पूल खालीच. मी मागे वळून ओरडले, "थांब!" दोन्ही हात वर करून हलवले. तर त्यानं, सांगायला लाज वाटते, हसून मला परत हात केला. त्याला वाटलं, मी मजेत आहे.

पूलवाला भोंगा वाजवत बाहेर आला, त्याला बघून नवऱ्याला कळलं. त्यानं बोट उलटी मारली. पण लोखंडी बोट म्हणजे काही स्कूटर नव्हे, ती लगेच थांबत नाही. ती तिरकी झाली, फिरली आणि काठाच्या दगडांवर धडकली. मी गुडघ्यावर पडले. पुढचं रेलिंग वाकलं. पूल आमच्यापासून दोन बोटींच्या अंतरावर होता. बस, एवढंच. रुग्णवाहिका गेली, पूल वर उचलला गेला, आम्ही खालून गेलो.

"ओरडायचंस ना!" तो म्हणाला.

"ओरडतच होते," मी म्हटलं.

मग ब्रॉकपोर्ट येईपर्यंत आम्ही एक शब्दही बोललो नाही.

ब्रॉकपोर्ट हे कालव्याच्या काठचं छोटं गाव. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना जुन्या लाल विटांच्या इमारती, आणि त्या रस्त्याच्या टोकाला उचलता पूल. पुलाच्या बाजूला बोटी लावायचा धक्का आणि बोटीनं येणाऱ्यांसाठी एक स्वागत केंद्र. तिथे अंघोळीची, कपडे धुवायची सोय, फिरायला सायकली. ते गावातलेच स्वयंसेवक चालवतात, बहुतेक निवृत्त मंडळी. आमची वाकडी बोट बघून टोपीवाले एक सत्तरीतले आजोबा धक्क्यावर आले आणि मी फेकलेला दोर त्यांनी पकडला. दोर कोणीतरी पकडला याचं मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी नवऱ्याला विचारलं, "दिवस कसा गेला?"

नवरा म्हणाला, "एक्केचाळीस फूट."

आजोबा हसले नाहीत. त्यांनी माझा गुडघा पाहिला, रेलिंग पाहिलं. आत जाऊन औषधाची पेटी घेऊन आले, ती माझ्या हातात दिली. मग ते नवऱ्याच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले, काळा चष्मा काढला आणि परत बोलले. मोठ्यानं नाही, फक्त सावकाश, तोंड दिसेल असं. आणि नवऱ्याला सगळं कळलं. सगळं!

मी गुडघ्याला कापूस लावत ते बघत होते. दोन वर्षांत मी आवाज किती चढवला असेल याला गणती नाही. पण उठून त्याच्या समोर जाऊन एकदाही बोलले नव्हते. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात, जिन्यावरून तळघरात, नळ चालू ठेवून, पाठ करून... मी ओरडून मोकळी व्हायची आणि ऐकण्याची सगळी जबाबदारी त्याची.

आजोबांनी टोपी सरकवून कान दाखवले. दोन्ही कानांमागे यंत्रं होती. बोटीवर इंजिनाच्या आवाजात सगळेच बहिरे असतात, ते म्हणाले, तिथे ओरडून काही होत नाही. त्यांनी आम्हाला धक्क्यावरच खुणा शिकवल्या. मूठ वर म्हणजे थांब. तळवा खाली दाबल्यासारखा केला म्हणजे हळू. अंगठा ज्या बाजूला, त्या बाजूला वळव. निघायच्या आधी दोघांनी खुणा ठरवायच्या आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाकडे मागच्यानं सतत बघत राहायचं. बोटीवरची जोडपी एकमेकांशी बोलायला कानाला लावायचे छोटे रेडिओही वापरतात, त्यांना ही मंडळी 'लग्न वाचवणारे' म्हणतात म्हणे! आजोबांच्या बायकोनं मागून पुस्ती जोडली, "यांची यंत्रं पहिली चार वर्षं ड्रॉवरमध्ये होती. ड्रॉवरला फार छान ऐकू यायचं."

नवरा हसला. कसनुसा, पण हसला.

दुसऱ्या दिवशी पाऊस. आम्ही तिथेच राहायचं ठरवलं. पावसाची एक उघडीप मिळाली तेव्हा गाव पाहून आलो. पुलाचंच नाव लावलेलं एक पुस्तकांचं दुकान, जुनं सिनेमा थिएटर, कॉलेजची मुलं. शेतातलं पीक कापणारी मॅकॉर्मिकची यंत्रं १८४० च्या दशकात या गावात बनली, त्याची आठवण म्हणून धक्क्याजवळच्या बागेच्या नावात ते यंत्र आहे. शेतकऱ्याच्या घरातला असल्यामुळे नवऱ्याला त्यात रस. मला अजून राग होता, म्हणून मी दोन पावलं पुढे चालत होते. रागात माणूस पुढे का चालतो कोण जाणे.

दुपारी स्वागत केंद्रात एक पुस्तक चाळताना एक गोष्ट वाचली. २६ ऑक्टोबर १८२५ ला कालवा पुरा झाला. बफेलोहून गव्हर्नर डीविट क्लिंटन बोटीनं निघाले. सोबत ईरी सरोवराचं पाणी घेतलं होतं आणि ४ नोव्हेंबरला ते न्यूयॉर्कच्या समुद्रात ओतलं. आपल्याकडे काशीची कावड रामेश्वरला नेतात तसं. (२०२५ मध्ये या गोष्टीला दोनशे वर्षं झाली.) पण ते पाणी पोचायच्या आधी बातमी पोचली. तार नाही, टेलिफोन नाही. मग त्यांनी काय केलं, तर कालव्याच्या आणि हडसन नदीच्या काठानं तोफा मांडल्या. पहिल्या तोफेचा आवाज जिथपर्यंत ऐकू येईल तिथे दुसरी, तिचा आवाज जिथपर्यंत जाईल तिथे तिसरी. बोट निघाली तशी बफेलोला तोफ उडाली, पुढच्यानं ती ऐकून आपली उडवली, त्याच्या पुढच्यानं त्याची... आणि साधारण दीड तासात बातमी न्यूयॉर्कला!

मला ही गोष्ट नवऱ्याला सांगायची होती. त्याला अशा गोष्टी फार आवडतात. पण तोंड उघडलं आणि वाटलं, जाऊ दे. चारदा सांगावं लागेल. आणि तेव्हाच लक्षात आलं की हे 'जाऊ दे' मी रोज म्हणते. दिवसातून दहा वेळा.

संध्याकाळी पुन्हा पाऊस लागला. बोटीचं छप्पर लोखंडी, त्यावर थेंब तडतडत होते. मी पिठलं केलं. पानं घेतली, समोरासमोर बसलो, टेबल एवढंसं की गुडघ्याला गुडघा लागतो. तो म्हणाला, "काल मी तुला मारलंच असतं."

आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. मी म्हटलं, "तुला माझं कधी काय ऐकायचं असतं? बायॉप्सीला मी एकटी जाऊन आले तेव्हा कुठे होतास?"

इथे थांबून वहिनींना सांगते. वहिनी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं, दादांनाही नाही. काळजी करू नका, रिपोर्ट चांगला आला होता. रागावू नका.

तर, नवऱ्याचा घास हातातच राहिला. "कसली बायॉप्सी?"

आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात मॅमोग्राममध्ये काहीतरी दिसलं होतं आणि परत बोलावलं होतं. तो फोन आला त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं होतं. सांगितलं होतं आणि तो "हो, ठेव तिथेच" म्हणाला होता. ठेव तिथेच! मी तो शब्द चौदा महिने जपून ठेवला होता. सोन्यासारखा. मनातल्या मनात काढून बघायचे आणि पुन्हा ठेवायचे. एकटी गाडी चालवत गेले, एकटी परत आले, रिपोर्ट यायला चार दिवस लागले, त्या चार दिवसांत त्याच्या शेजारी झोपून मी छताकडे बघत होते. आणि हा घोरत होता.

त्यानं मला एवढंच विचारलं, "तू कुठे होतीस, सांगितलंस तेव्हा?"

मी आठवलं. सिंकपाशी होते. नळ चालू होता. पाठ त्याच्याकडे होती. आवाज... आवाज खालीच होता, कारण घसा दाटला होता. आणि मग मला पुढचंही आठवलं. जे चौदा महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं. तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला होता. आणि त्यानं विचारलं होतं, "काय म्हणालीस?"

आणि मी म्हटलं होतं, "काही नाही."

त्यानं विचारलं होतं. मी दार लावून घेतलं होतं.

हे मी त्याला सांगितलं. त्याच्या समोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून, सावकाश. त्याला ते सगळं पहिल्याच वेळी ऐकू आलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटायचं, तुला आता माझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय. मी 'काय म्हणालीस' विचारलं की तू 'काही नाही' म्हणतेस. म्हणून मी विचारणंच कमी केलं."

म्हणजे मला वाटत होतं, ह्याला ऐकायचं नाही. त्याला वाटत होतं, हिला सांगायचं नाही. आणि दोघंही एका घरात, वीस फुटांवर, आपापली तोफ थंड करून बसलेले.

पिठलं गार झालं. ते तसंच खाल्लं. मग मी त्याला तोफांची गोष्ट सांगितली. त्यानं लगेच विचारलं, "मधला एक जरी माणूस झोपला असता तर?" अभियंता माणूस! पण प्रश्न चांगला होता. उत्तर आमच्याकडेच होतं.

सकाळी निघताना आजोबांनी दोर सोडून दिला आणि मूठ वर करून दाखवली. नवऱ्यानंही दाखवली. परत येताना तोच पूल लागला. या वेळी मी मागे, त्याच्या शेजारी उभी होते आणि रेडिओ माझ्या हातात होता. मी मागितला नव्हता. त्यानंच दिला होता, न बोलता. पूलवाल्यानं "या" म्हटलं, मी अंगठा वर केला आणि आम्ही खालून अगदी मधोमध गेलो. पूलवाल्यानं वरून हात केला. ओळखलं असावं. वाकलेलं रेलिंग कोण विसरेल! (बोट देणाऱ्यांनी दुरुस्तीचे पैसे घेतले, हे ओघानं आलंच.)

घरी आल्यावर त्याच आठवड्यात तो स्वतःहून कान तपासून आला. आलेखावर रेघ डावीकडे ठीक होती आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली. म्हणजे खालच्या पट्टीतले आवाज शाबूत, वरचे गेलेले. त्यामुळे स्वर ऐकू येतात आणि स, श, फ, थ अशी व्यंजनं हरवतात. माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही, म्हणून समोरचा पुटपुटतोय असंच वाटतं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या की बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज समजायला यात सर्वांत जास्त त्रास होतो. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ, माझा दोष नव्हता." मी म्हटलं, "माझाही." हे खरं नव्हतं, पण तिथे बाईंसमोर ठीक होतं.

यंत्रं लावून घरी आला त्या दिवशी त्याला फ्रिज ऐकू आला, स्वतःच्या चपला ऐकू आल्या, वर्तमानपत्राचं पान उलटताना इतका आवाज होतो हे कळलं. दोन दिवस कुरकुर केली. संध्याकाळी काढून ठेवायचा. मी ड्रॉवरची आठवण करून दिली की परत घालायचा. यंत्रांनी सगळं ठीक होतं असं नाही. मंडळाच्या हॉलमध्ये अजूनही त्याला त्रास होतो. पण रविवारचा फोन आता तोच करतो. पहिल्या रविवारी दादा तिकडून काहीतरी बोलले आणि हा नुसता हसतच सुटला. काय म्हणाले ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, दुभाष्याची नोकरी सुटली होती ना!

आणि माझं? सवय सुटत नाही लवकर. परवाच मी ओट्यापाशी काहीतरी बोलले. साधंच, कढीपत्ता संपलाय असलं काहीतरी. तो आतून म्हणाला, "काय म्हणालीस?" माझ्या ओठावर 'काही नाही' आलंच होतं.

नळ बंद केला, हात पुसले आणि आत जाऊन सांगितलं.